४०० केव्ही ट्विन मूस लाइन: डॅम्पर आणि स्पेसर नेमके कुठे आणि कसे बसवायचे

डॅम्पर, म्हणजे तारेचे कंपन जिरवणारे दोन वजनांचे उपकरण, लागलेला आहे एवढे खालून दुर्बिणीतून दिसते. तो कामाचा आहे की नुसता लटकतोय, हे अंतर मोजल्याशिवाय कळत नाही. मूस कंडक्टरवर (लाइनच्या तारेचा एक प्रकार) टॉवरपाशी तार धरणाऱ्या क्लॅम्पपासून १.२ मीटरवर बसवलेला डॅम्पर आणि १.६ मीटरवर बसवलेला डॅम्पर यांत जेमतेम हातभर अंतर आहे, पण एका ठराविक वाऱ्यात पहिला तार वाचवतो आणि दुसरा जवळपास काहीच करत नाही. खालचा सगळा हिशोब या हातभर अंतराचा आहे.

उदाहरण म्हणून आपल्याकडची नेहमीची लाइन घेऊ: ४०० केव्ही, प्रत्येक फेजला दोन एसीएसआर (पोलादी गाभ्याची ॲल्युमिनियम तार) मूस, दोन तारांमध्ये ४५० मिमी अंतर, स्पॅन म्हणजे दोन टॉवरमधले अंतर ४०० मीटर. मूसचा व्यास ३१.७७ मिमी, वजन मीटरला २.००४ किलो आणि तुटण्याची ताकद १६१.२ किलोन्यूटन. ३२ अंश तापमानाला, वारा नसताना, ताण या ताकदीच्या २२ टक्के धरला तर तो सुमारे ३५.५ किलोन्यूटन येतो.

तार थरथरते कधी

वादळात नाही. तारेला खाणारे कंपन सेकंदाला १ ते ७ मीटर वेगाच्या संथ, एकसारख्या वाऱ्यात होते. हा वारा तारेवरून जाताना मागच्या बाजूला वर-खाली आळीपाळीने भोवरे सुटतात आणि प्रत्येक भोवरा तारेला एक हलका धक्का देतो. सेकंदाला किती धक्के बसतात हे काढायला एकच सूत्र पुरते: १८५ गुणिले वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात, भागिले तारेचा व्यास मिमीत. मूससाठी १ मीटरच्या वाऱ्यात सुमारे ६ हर्ट्झ, ४ मीटरला २३ आणि ७ मीटरला ४१ हर्ट्झ. वारा याहून जोराचा असला की तो सहसा खळबळणारा असतो. स्पॅनभर एकाच तालात भोवरे सुटत नाहीत आणि हे कंपन मोडते.

म्हणून झाडी-डोंगरांच्या भागापेक्षा विदर्भ-मराठवाड्यातली उघडी, सपाट काळी रानं आणि नदी-खाडीवरचे लांब स्पॅन जास्त धोक्याचे. डिसेंबर-जानेवारीतली पहाट सगळ्यात वाईट. थंडीने तार आखडून ताण वाढलेला असतो आणि वारा संथ, सरळ वाहत असतो. ताण वाढला की तारेतले पदर एकमेकांवर घट्ट दाबले जातात, घसरत नाहीत, आणि कंपन स्वतःच जिरवण्याची तारेची ताकद कमी होते. झोळ कमी ठेवण्यासाठी ताण वाढवायचा मोह होतो, त्याची किंमत इथे मोजावी लागते.

२० हर्ट्झने तासभर थरथरलेली तार ७२,००० वेळा वाकते. रोज चार तास धरले तर महिन्याला ८६ लाख वेळा. हे वाकणे संपते ते तार टॉवरला टांगणाऱ्या सस्पेन्शन क्लॅम्पच्या तोंडाशी, कारण तिथे तारेला पुढे हलता येत नाही. तिथे ॲल्युमिनियमचे पदर एकमेकांवर घासतात, बारीक चीर पडते आणि एकेक पदर तुटतो. बऱ्याचदा आधी तुटतो तो आतल्या थरातला पदर. बाहेरून तार धडधाकट दिसत असते.

जागा कशी काढायची

स्टॉकब्रिज डॅम्पर म्हणजे मधोमध ॲल्युमिनियम मिश्रधातूचा क्लॅम्प, त्यातून गेलेली पोलादी तारांची छोटी दोरी आणि तिच्या दोन टोकांना वजने. जॉर्ज स्टॉकब्रिज हे सदर्न कॅलिफोर्निया एडिसनचे इंजिनिअर, त्यांचे पेटंट १९२८ चे. क्लॅम्प तारेबरोबर वर-खाली होतो, वजने मागे राहतात, दोरी वाकते आणि तिच्या पदरांतल्या घर्षणात कंपनाची ऊर्जा जिरते. आता मिळणाऱ्या डॅम्परची दोन वजने वेगवेगळी असतात. त्यामुळे चार वेगळ्या वारंवारतांना ते जोमाने हलतात आणि वाऱ्याच्या पूर्ण पट्ट्यात काम करतात.

यातली मेख अशी की क्लॅम्प हलला तरच डॅम्पर काम करतो. थरथरणाऱ्या तारेवर ठराविक अंतराने स्थिर बिंदू असतात. डॅम्पर अशा बिंदूवर बसला तर त्याला हलवणारेच कोणी नाही. दोन स्थिर बिंदूंमधला भाग म्हणजे एक लूप. त्याची लांबी काढण्यासाठी ताण न्यूटनमध्ये घ्या, तारेच्या मीटरमागच्या वजनाने भागा, वर्गमूळ काढा आणि वारंवारतेच्या दुपटीने भागा. मूससाठी वर्गमूळ येते १३३. मग १ मीटरच्या वाऱ्यात लूप ११.४ मीटरचा, ४ मीटरच्या वाऱ्यात २.८५ मीटरचा आणि ७ मीटरच्या वाऱ्यात फक्त १.६३ मीटरचा.

डॅम्पर सगळ्यात लहान लूपच्या ७० ते ८५ टक्क्यांवर ठेवायचा. ७५ टक्के धरले तर १.२२ मीटर. आता पडताळा घ्या. तिथे ७ मीटरच्या वाऱ्यात तारेच्या सर्वात मोठ्या हालचालीच्या ७१ टक्के हालचाल मिळते, ४ मीटरच्या वाऱ्यात ९७ टक्के आणि १ मीटरच्या वाऱ्यात ३३ टक्के. सगळीकडे काही ना काही पदरात पडते. तोच डॅम्पर १.६ मीटरवर नेला तर ७ मीटरच्या वाऱ्यात जेमतेम ६ टक्के, कारण तो स्थिर बिंदूला चिकटला. उलट टॉवरकडे अर्ध्या मीटरवर आणला तर संथ वाऱ्यात तो फारसा हलत नाही. दोन्ही चुका साइटवर सर्रास दिसतात. पहिली घाईने, दुसरी हात पुरत नाही म्हणून.

याच पद्धतीने २२ टक्के ताणावर २२० केव्हीच्या झेब्राला सुमारे १.१० मीटर आणि १३२ केव्हीच्या पँथरला ०.८७ मीटर येते. टॉवरच्या माथ्यावरच्या ७/३.६६ मिमीच्या (३.६६ मिमीचे सात पदर) जीआय, म्हणजे जस्तलेपित पोलादी, अर्थवायरला २० टक्के ताणावर अर्धा मीटरही पुरतो. बारीक तार जास्त वारंवारतेने थरथरते, लूप छोटे होतात. म्हणून कंडक्टरचे अंतर अर्थवायरला लावणे ही चूक आहे, आणि सगळ्यासाठी एकच काठी कापून घेतली की ती हमखास होते.

डॅम्परच्या कारखान्याने दिलेला तक्ता असेल तर तोच पाळा. त्यात आर्मर रॉड (क्लॅम्पपाशी तारेभोवती गुंडाळलेल्या संरक्षक सळया), क्लॅम्पचा प्रकार आणि डॅम्परची चाचणी सगळे धरलेले असते. वरचा हिशोब तक्ता बरोबर लाइनचा आहे ना, हे तपासायला. तुमच्या आकड्यात आणि तक्त्यात वीतभराहून जास्त फरक आला तर तक्ता दुसऱ्या ताणासाठी किंवा दुसऱ्या कंडक्टरसाठी बनलेला असण्याची शक्यता मोठी.

तक्त्यात अंतर कुठून मोजले आहे ते आधी वाचा: सस्पेन्शन क्लॅम्पच्या मध्यापासून, त्याच्या तोंडापासून की तार ताणून बांधणाऱ्या टेन्शन क्लॅम्पच्या तोंडापासून. मध्य आणि तोंड यांच्या गोंधळात दहा-पंधरा सेंटीमीटर सहज जातात. आर्मर रॉडची अर्धी लांबी मूसला साधारण १.१ ते १.३ मीटर असते, म्हणजे डॅम्परची खूण नेमकी रॉडच्या टोकाजवळ येते. क्लॅम्प अर्धा रॉडवर आणि अर्धा उघड्या तारेवर कधीही बसवू नका. पकड एका बाजूला येते, बोल्ट सैल होतो आणि रॉडची टोके तारेत रुततात.

किती लागतात

नेहमीचा नियम: सस्पेन्शन टॉवरच्या प्रत्येक बाजूला प्रत्येक तारेला एक, टेन्शन टॉवरला दोन. म्हणजे दोन सस्पेन्शन टॉवरमधल्या एका स्पॅनला एका सर्किटसाठी १२ डॅम्पर, दोन्ही टोके टेन्शनची असतील तर २४. ५०० मीटरपुढचा स्पॅन, नदी किंवा खाडी ओलांडणी असेल तर संख्या अभ्यास करून ठरवतात. दोन-दोन डॅम्पर असतील तिथे दुसऱ्याची जागाही तक्त्यातून घ्या. दोघे चिकटून बसवले तर एकाचेच काम दोघे करतात.

भीतीपोटी जादा डॅम्पर लावू नका. प्रत्येक क्लॅम्प म्हणजे तारेवर वाकण्याची एक नवी जागा. चुकीच्या जागी बसलेला जड डॅम्पर स्वतःच्या क्लॅम्पशी पदर तोडू शकतो.

११ केव्हीच्या लाइनला यातले काही लागत नाही. स्पॅन छोटे, ताण कमी. ओपीजीडब्ल्यूला (आत ऑप्टिकल फायबर असलेली अर्थवायर) मात्र डॅम्पर लागतो आणि तो उघड्या केबलवर न बसवता संरक्षक रॉडवरच बसवायचा, कारण क्लॅम्पचा दाब आतल्या फायबरच्या नळीपर्यंत पोहोचतो.

बसवताना

स्ट्रिंगिंग (टॉवरवर तार ओढणे) झाल्यावर तार पुलीवर दिवसेंदिवस लटकत ठेवणे हा सगळ्यात स्वस्तात होणारा तोटा. पुलीवर ना आर्मर रॉड असतात ना डॅम्पर, आणि थंडीत दोन-तीन रात्रींतही पदरांवर खुणा उमटतात. सॅग (झोळ ठरवणे), क्लिपिंग (तार पुलीवरून क्लॅम्पमध्ये घेणे), डॅम्पर हा क्रम न तोडता पुढे चालला पाहिजे. क्लिपिंगच्याच दिवशी डॅम्पर, फार तर दुसऱ्या दिवशी.

लाइन क्लिअर (लाइन बंद करून मिळालेली कामाची परवानगी) घेतल्यावर काम होणाऱ्या जागेच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग करा. बाजूचे सर्किट चालू असेल तर बंद सर्किटवर इंडक्शनने जीवघेणा व्होल्टेज येतो. एका टोकाचे अर्थिंग पुरेसे समजू नका. वर न्यायचे सामान: टेप, पक्का मार्कर, तारेचा ब्रश, कॅलिब्रेशन झालेला टॉर्क रेंच, स्पिरिट लेव्हल, नायलॉन दोरी. डॅम्पर वजनाला बांधून ओढू नका, दोरी क्लॅम्पला बांधा. वजनाला बांधून ओढले की आतली दोरी वाकते, वजन कायमचे झुकते आणि डॅम्पर बसण्याआधीच बाद होतो.

१. डॅम्परवर कोरलेला कंडक्टरचा आकार वाचा. झेब्रा आणि मूस यांच्या व्यासात ३.१५ मिमीचाच फरक आहे, स्टोअरमध्ये ते शेजारी पडलेले असतात आणि झेब्राचा क्लॅम्प मूसवर जोर लावून बसवता येतो. बसतो, पण पदर चेंगरतो.

२. अंतर तारेवरून मोजा, टॉवरपासून हवेतून नाही. दोन्ही तारांवर वेगवेगळी खूण करा.

३. खुणेच्या दोन्ही बाजूंना थोडी जागा ब्रशने साफ करा. धुळीवर क्लॅम्प आवळला तर धूळ काही दिवसांत निघून जाते आणि पकड सैल राहते.

४. वजने वेगवेगळी असतील तर कोणते टॉवरकडे ते ड्रॉइंगमध्ये असते. ते उलट लावलेले डॅम्पर दिसायला अगदी बरोबर दिसतात.

५. क्लॅम्प हाताने बसवून दोन्ही वजने तारेच्या बरोबर खाली लटकतात का ते पाहा, मगच आवळा.

६. ड्रॉइंगमधल्या टॉर्कवर टॉर्क रेंचने आवळा. बोल्टचे डोके ठराविक टॉर्कला तुटणारे असेल तर ते तुटेपर्यंत आवळायचे, आधी थांबायचे नाही.

जोर करून आवळला तर ॲल्युमिनियम दाबून पसरते आणि काही महिन्यांत पकड उलट कमी होते. कमी आवळला तर डॅम्पर थरथरत स्पॅनकडे सरकत जातो. काही लाइनींवर डॅम्पर स्पॅनच्या मध्याकडे जाऊन बसलेले दिसतात, ते असेच. क्लॅम्पमध्ये बोल्टखाली वाटीच्या आकाराचे स्प्रिंग वॉशर असतील तर ते उलटे बसवू नका. तार बसती झाल्यावरही दाब टिकवणारे तेच.

वजने वाटीसारखी पोकळ असतील तर खालचे छिद्र मोकळे आहे का ते पाहा. कोकणात आणि खाडीकाठी पाणी आणि मीठ साचून आतली दोरी गंजते, आणि गंजलेल्या दोरीचे पदर एकमेकांवर घसरत नाहीत, म्हणजे डॅम्परचे कामच संपते.

स्पेसरची गोष्ट वेगळी

स्पेसर म्हणजे एकाच फेजच्या दोन तारा ठराविक अंतरावर धरणारा तुकडा. स्टॉकब्रिज डॅम्पर तारेचे बारीक, वेगाचे कंपन जिरवतो. ट्विन लाइनवर दुसरा एक प्रकार होतो. ७ ते १८ मीटरच्या जोराच्या वाऱ्यात पुढच्या तारेच्या मागे पडणाऱ्या खळबळीत मागची तार सापडते आणि दोन स्पेसरमधली तार सेकंदाला एक-दोन वेळा मोठ्या लंबगोलात फिरते. इथे डॅम्पर काही करू शकत नाही, या वारंवारतेला तो हलतच नाही. तारा एकमेकींवर आपटतात, स्पेसरचे क्लॅम्प सैल होतात. तारांमधले अंतर व्यासाच्या १६ ते १८ पटींपुढे गेले तर हे बरेच कमी होते. मूसला ४५० मिमीत ते १४ पट आहे, म्हणजे धोका आहे आणि स्पेसरची मांडणी महत्त्वाची आहे.

स्पेसर शॉर्टसर्किटमध्येही तारा सांभाळतो. ४० किलोअँपिअरचा दोष दोन तारांत निम्मा-निम्मा वाहिला तर ४५० मिमी अंतरावर त्या एकमेकींना मीटरमागे सुमारे १८० न्यूटनने ओढतात. म्हणजे स्वतःच्या वजनाच्या नऊपट, आणि जवळ येताना आणखी जास्त. स्पेसर चिरडला नाही तर तारा आपटून एकमेकींना जाळत नाहीत.

मांडणीचा नियम: दोन स्पेसरमधले अंतर ७० मीटरच्या वर जाऊ नये, टॉवरजवळचे पहिले अंतर त्याच्या निम्म्याच्या आसपास असावे आणि शेजारची अंतरे समान नसावीत. समान असली की सगळे तुकडे एकाच तालात डोलायला लागतात. ४०० मीटरच्या स्पॅनला ७ स्पेसर घेतले तर एक चालणारी मांडणी: २८, ५५, ६२, ५४, ६४, ५७, ४८, ३२ मीटर. एका सर्किटला तीन फेजचे २१ स्पेसर. मिडस्पॅन जॉइंट (स्पॅनमधला तारेचा सांधा) किंवा रिपेअर स्लीव्ह (दुरुस्तीची नळी) मध्ये आला तर स्पेसर दोन मीटर पुढेमागे करा, स्लीव्हवर क्लॅम्प बसवू नका.

कडक स्पेसर आणि स्टॉकब्रिज डॅम्पर ही एक पद्धत. रबरी बुश असलेला स्पेसर-डॅम्पर ही दुसरी, त्यात वेगळे डॅम्पर सहसा नसतात. लाइनचे डिझाइन कोणत्या पद्धतीचे आहे ते पाहा आणि साइटवर दोन्हींची सरमिसळ करू नका. स्पेसर-डॅम्परचे रबर मुद्दाम थोडे वीजवाहक केलेले असते. बदली म्हणून साधे रबर घातले तर क्लॅम्प आणि तार यांच्यात बारीक ठिणग्या पडतात आणि तार खाल्ली जाते.

स्पेसर बसवायला तारेवरून चालणाऱ्या ट्रॉलीवर जाण्याआधी दोन गोष्टी पाहा. एक, दोन्ही तारांचा झोळ सारखा आहे का. नसेल तर सॅग ॲडजस्टमेंट प्लेटवर आधी तो सारखा करा, कारण स्पेसर तिरपा बसेल पण झोळ सुधारणार नाही. दुसरी, माणूस, ट्रॉली आणि स्पेसर मिळून १८० किलो धरले तर ४०० मीटरच्या स्पॅनच्या मध्यावर झोळ दोन ते अडीच मीटरने वाढतो. खालून ३३ केव्ही किंवा रेल्वेची लाइन जात असेल तर तिची लाइन क्लिअर वेगळी घ्या. अंतर मोजणाऱ्या चाकाचा आकडा दर स्पॅनला टॉवरपाशी शून्य करा. ओल्या तारेवर चाक घसरते आणि सातव्या स्पेसरपर्यंत चूक काही मीटरांवर जाते.

तपासणीत काय शोधायचे

दुर्बीण किंवा ड्रोनच्या फोटोत एकेक वजन पाहा. झुकलेले, फिरलेले किंवा गळून पडलेले वजन आणि पिंजल्यासारखी सुटलेली दोरी दिसली की डॅम्पर बदला. स्पेसरमध्ये निसटलेला क्लॅम्प आणि बाहेर आलेले रबर शोधा. सस्पेन्शन क्लॅम्पच्या तोंडाशी किंवा डॅम्परच्या क्लॅम्पखाली राखाडी-काळी पूड दिसली तर तो ॲल्युमिनियम घासल्याचा पुरावा आहे. रॉड उघडून आतले पदर पाहिल्याशिवाय तो टॉवर सोडू नका.

शंका असेल तर तारेवर कंपन नोंदवणारे यंत्र बसवतात. ते क्लॅम्पच्या तोंडापासून ८९ मिमीवर तारेची हालचाल मोजते आणि त्यावरून वाकण्याने पदर किती ताणला जातो याचा हिशोब निघतो. मर्यादा साधारण १५० मायक्रोस्ट्रेनची, म्हणजे लांबीच्या दहा लाखांत १५० भाग. नोंद हिवाळ्यात घ्या. मे महिन्यातल्या नोंदीवरून लाइन सुरक्षित म्हणता येत नाही.

जुन्या टॉवरवर एचटीएलएस (जास्त तापमानातही कमी झोळ देणारी) तार चढवली तर जुने डॅम्पर परत लावू नका. व्यास, वजन आणि ताण तिन्ही बदलले की लूपही बदलतात. त्यातली मऊ ॲल्युमिनियमची, पोलादी गाभ्याची एसीएसएस तार स्वतःच बरेच कंपन जिरवते, इतर प्रकारांना नवा अभ्यास लागतो.

सरकलेला डॅम्पर मूळ खुणेवर परत आणून आवळण्याची सवय वाईट. सरकताना त्याने तारेवर घासून चकाकती पट्टी केलेली असते आणि क्लॅम्पची खाच गुळगुळीत झालेली असते. तो काढून टाका, पट्टीभर तारेचे पदर बोटाने चाचपा, तुटलेला पदर असेल तर आधी दुरुस्तीचे रॉड घाला, आणि नवा डॅम्पर नव्याने मोजलेल्या अंतरावर बसवा. एकाच टॉवरवर असे दोन-तीन सापडले तर दोष बहुधा एकाच गॅंगच्या टॉर्क रेंचचा असतो. त्या दिवशी त्याच गॅंगने केलेले बाकीचे टॉवर कोणते, ते स्ट्रिंगिंगच्या नोंदवहीतून काढून तेही तपासा.